साण्याच्या कडेची माती

आप्पा होते तोवर साणं कधी गळलं नाही. म्हणून योगराजचा फोन आला तेव्हा बातमीपेक्षा त्याचा आवाज मला आधी खटकला. तो घाईत नव्हता. आपल्याला हवं ते आपोआप घडून येत असावं, अशा माणसासारखा सावकाश बोलत होता. मधल्या खोलीत पाणी टपकतंय, फरशी ओली राहते, आई एखाद्या दिवशी घसरेल, असं त्यानं सांगितलं. मग जरा थांबून म्हणाला, "मी म्हणत होतो ना, ताई."

तो काय म्हणत होता ते आम्हा दोघांना पाठ होतं. सुरतेतलं डिंडोलीचं घर विकावं आणि आईनं पर्वत पाटियाला त्याच्या फ्लॅटवर राहायला जावं. आमच्या मागच्या भिंतीला लागून रमणीकभाईंची भरतकामाची मशीनं चालतात. त्यांना जागा वाढवायची होती, आणि आप्पा गेल्यापासून ते योगराजशी फार गोड बोलू लागले होते. नुकतंच माणूस गेलेल्या घरात हा विषय कसा काढायचा, याची त्यांना चांगली जाण होती. आपल्याला काहीच घाई नाही, असं ते दर वेळी बजावून सांगत, आणि दर आठवड्याला सांगत. आईला विचारलं की ती म्हणायची, स्वप्ना म्हणेल तसं. म्हणजे घर राहणार की जाणार, हे माझ्या एका होकारावर अडलं होतं, आणि मी तो देत नव्हते.

साणं म्हणजे छतातलं उजेडाचं भोक. आमच्या गावाकडं, अमळनेरच्या बाजूला, धाब्याची घरं असत. मातीच्या त्या सपाट छताला मधोमध एक साणं ठेवलेलं असे. पाऊस आला की वर चढून त्याच्यावर फरशी नाहीतर पालथी परात ठेवायची. आप्पा सुरतेला आले, मिलमध्ये मागावर उभे राहिले, मिल बंद पडल्यावर पर्वत पाटियाला एका खिडक्यांच्या दुकानात ॲल्युमिनियमचे सेक्शन कापायला लागले. डिंडोलीचं घर रांगेतलं. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या, त्यामुळं मधल्या खोलीत भर दुपारी दिवा लागायचा. आप्पांनी नोकरीतली सगळी विद्या वापरून तिथला स्लॅब कापून घेतला, भोवती विटांचा कठडा उचलला आणि त्यावर उतरती चौकट बसवली. काच दुहेरी, मध्ये कोरडी हवा. आईच्या खोलीची मागची खिडकीही त्यांनी तशीच दोन काचांची केली. रमणीकभाईंच्या मशीनांचा खडखडाट तिच्यापलीकडं राहिला आणि आत नुसती एक गुणगुण यायला लागली. उभा जन्म आवाजात गेलेल्या माणसानं स्वतःसाठी केलेली ती एकच चैन होती. छतातल्या काचेला शेजारचे स्कायलाइट म्हणायचे. आम्ही साणंच म्हणत आलो.

त्याची निगा ते मला शिकवायचे, कारण योगराज ऐकायला उभा राहत नसे. काचेच्या कडेचं रबर साबणाच्या पाण्यानं पुसायचं, ॲसिड जवळ न्यायचं नाही. सिलिकॉन कुठं उचललंय का ते बोटानं चाचपायचं, पातं लावायचं नाही. आणि मुख्य म्हणजे चौकटीच्या खालच्या अंगाला जी बारीक भोकं असतात, ती पावसाळ्यात खराट्याच्या काडीनं मोकळी करत राहायची. कुठल्याही चौकटीत थोडं पाणी शिरतंच, ते त्या भोकांतून परत बाहेर जातं. भोकं बुजली की पाणी चौकटीत चढतं आणि आतल्या बाजूनं खाली येतं. लोक मग काच फुटली म्हणून ओरडतात.

माघात, एका सकाळी, ते साणं पुसायला गच्चीवर गेले आणि तिथंच त्यांचं हृदय थांबलं. आई स्वयंपाकघरात होती. फार वेळ झाला म्हणून ती मागच्या लोखंडी जिन्यानं वर गेली, तेव्हा ते काचेशेजारी पडलेले होते. एवढंच आम्हाला माहीत होतं.

मी नंदुरबारला कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. त्यानंतर मी एकाआड एक शनिवारी सुरतेला यायला लागले. आल्यावर पिशवी ठेवून आधी साण्याखाली उभी राहायची. वरून उतरणारा तो चौकोनी उजेड अंगावर घेतला की आप्पा घरात आहेत असं वाटायचं, आणि मी तसं आईला बोलूनही दाखवायची. ती आतून चहा घ्यायला हाक मारायची. साण्याजवळ ती यायची नाही. हातात काम असेल म्हणून, असं मी धरून चालले होते.

योगराजच्या फोननंतरच्या शनिवारी मी आले तेव्हा मधल्या खोलीत बादली ठेवलेली होती. बाहेर श्रावणातला पाऊस उघडझाप करत होता. योगराज आधीच येऊन बसला होता आणि त्याच्याकडं पर्यायही तयार होता. घर विकायचं नसेल तर निदान साणं तरी बंद करू, मिस्त्रीला बोलावून वर स्लॅब टाकून घेऊ, कटकट जाईल. आप्पांच्या हातची वस्तू बुजवायची नाही, असं मी सांगितलं. जरा जास्तच कोरडेपणानं सांगितलं असेल. आई दोघांना वाढत होती. तिनं माझ्या ताटात भाकरी ठेवली.

पाऊस थांबल्यावर मी वर गेले. काच धड होती, रबर धड होतं. खालच्या कडेशी वाकून पाहिलं तर भोकं दिसेनात. त्यांच्या जागी पांढरी माती दाबून भरलेली होती, आणि तिच्यावर बोटाचा ठसा होता.

ती माती मी ओळखली. खारी माती. गावाकडं पावसाळ्याआधी धाब्यावर ती पसरतात, पाणी लागलं की घट्ट बसते आणि छत गळत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मोठेबाबा आले होते. हिलालबाबा, आप्पांचे मोठे भाऊ. माणूस गेल्यानंतरची पहिली आखाजी, आप्पांच्या नावानं घागर भरायची होती, आणि ते येताना एका गोणीत ही माती घेऊन आले होते. गोणी जिन्याखाली पडलेली मी पाहिली होती आणि विसरून गेले होते.

मी त्यांना फोन लावला. हो म्हणाले, कडेनं थोडी लिंपली, भावाचं धाबं आहे, त्याच्यामागं कोणी बघायला नको का. त्यांना बरं वाटेल अशा बेतानं मी सांगितलं की या काचेची तऱ्हा वेगळी असते, आता पुन्हा लावू नका. ते म्हणाले, बरं बेटा. त्यांच्या बोलण्यात किंतु ठेवण्यासारखं काही नव्हतं. खराट्याच्या काडीनं मी भोकं मोकळी केली, तांब्याभर पाणी ओतून ते वाहून जातंय ना ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चांगला पाऊस झाला आणि बादलीत थेंब पडला नाही. आता बुजवायचं कारण उरलं नाही, असं मी आईला म्हटलं. तिनं बादली उचलून मोरीत नेऊन ठेवली.

पुढच्या खेपेला बादली परत मधल्या खोलीत होती.

मी कोणाला न विचारता वर गेले. भोकं पुन्हा बुजलेली होती. माती ताजी होती, ओलसर होती. मोठेबाबा तर गावाहून हललेले नव्हते. जिन्याखालच्या गोणीचं तोंड उघडं होतं आणि ती आधीपेक्षा खाली बसली होती. गच्चीवर मी बराच वेळ उभी राहिले. पहिल्या वेळी ती एका म्हाताऱ्याची माया होती. आता ते कोणाचं तरी काम होतं.

कोणाचं, हे मला शोधावं लागलंच नाही. नाव आधीपासून तयार होतं, मी फक्त पुरावे गोळा करायला लागले. योगराज दर रविवारी येतो. पाण्याची टाकी बघायच्या निमित्तानं वर जातो. मधल्या बुधवारी तो रमणीकभाईंना घर दाखवायला घेऊन आला होता आणि तेव्हा नेमकं पाणी टपकत होतं, हे आईच्याच बोलण्यातून निघालं. टपकणाऱ्या घराचा भाव पडतो, आणि टपकणाऱ्या घरातून आईला हलवणंही सोपं जातं. खाली त्याच्या स्कूटरच्या पायदानावर पांढरी भुकटी दिसली. त्याचं लेसपट्टीचं दुकान आहे. खळ, खडू, पावडर, सुरतेत कुठल्याही स्कूटरवर पांढरं काहीतरी असतंच. तरी मी वाकून बोटानं उचलून पाहिली.

संशय एकदा घरात शिरला की तो एका खोलीत बसून राहत नाही. आईच्या खोलीतल्या दोन काचांमध्ये वाफ धरलेली मला त्याच दिवशी दिसली. आतून पुसली जात नव्हती, बाहेरून पुसली जात नव्हती, दोन्हींच्या मध्ये होती. वर्षं झाली की कडेचं सील थकतं आणि दमट हवा आत जाते, हे आप्पांनीच मला सांगितलेलं. त्याला कोणाचा हात लागत नाही. तरीही मी खिडकीच्या कडेवर पात्याच्या खुणा शोधल्या. सापडल्या नाहीत, तेव्हा त्या चतुराईनं लपवल्या असतील असं वाटलं. योगराजचं कॉलेजात असतानाचं एक खोटं मला आठवलं, आप्पांच्या तेराव्याला तो फोनवर हसला होता ते आठवलं. आपण काय करतोय ते मला कळत होतं. अशी माणसं मी पुस्तकांत पुष्कळ पाहिली आहेत. कळून थांबता येतं असं मात्र नाही.

समोरच्या मंगलाबाईंच्या गच्चीवरून आमची गच्ची दिसते. मी त्यांच्याकडं मुद्दाम लिंबाचं लोणचं घेऊन गेले. त्या भाजी निवडत होत्या. बोलता बोलता विचारलं, आमच्या गच्चीवर कोण येतं-जातं.

"तुझा भाऊ येतो की रविवारचा," त्या म्हणाल्या. "टाकीपाशी उभा राहून फोनवर बोलत असतो. बायकोपासून सुटलेला माणूस गच्चीवर नाही जाणार तर कुठं?"

"खाली वाकून काही करतो का, साण्यापाशी?"

"वाकतो बाई कधीकधी. मी काय दुर्बीण लावून बसते?" भाजीची काडी मोडत त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. "का गं, भावावर पहारा?"

मी हसण्यावारी नेलं. आणखी कोण, असं विचारलं.

"आणखी कोण जाणार? तुझी आई जाते कावळ्यांना भाकर टाकायला. ती रोजचीच. तिची पण हजेरी लावू का?"

नको म्हटलं आणि निघाले. वाकतो कधीकधी, एवढं मला पुरेसं होतं. मी भोकं साफ केली आणि नंदुरबारला गेले. तिथं नवऱ्याला, श्रीरंगला, सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, योगराजला सरळ विचारलंस का. मी म्हटलं, विचारलं तर सावध होईल. श्रीरंग म्हणाला की तू भावाबद्दल बोलतेस की चोराबद्दल, आणि पेपर वाचायला लागला.

त्यानंतरचा शनिवार माझा नव्हता, तरी मी गेले. आईला आधी कळवलं नाही. दुपारच्या गाडीनं उधन्याला उतरून रिक्षा केली. दार उघडलं तेव्हा आई दचकली. इतकी दचकली की मी विचारलं, काय झालं. काही नाही म्हणाली, तू आज कशी. तिनं हात पदराला पुसले. त्या क्षणी मी तिच्या हातांकडं पाहायला हवं होतं. मी मधल्या खोलीतल्या बादलीकडं पाहत होते.

रविवारी योगराज नाश्त्याला गरम लोचो घेऊन आला. आईला आवडतो म्हणून दर रविवारी आणतो. बरोबर त्याची बायको सोनाली नव्हती, ती माहेरी गेलेली. मला पाहून तो म्हणाला, "अरे, आज इन्स्पेक्टर जादा ड्युटीवर?" मी हसले नाही. तो हात धुऊन बसला. सकाळीच भोकांतून काढून ठेवलेला मातीचा गोळा मी एका ताटलीत घालून त्याच्यासमोर ठेवला.

"हे काय, प्रसाद?"

"साण्याच्या भोकांतून निघाला."

"बरं. मग?"

मग मी बोलले. आवाज चढवला नाही. घरात तसं बोलायची सवय नाही आणि तेव्हा गरजही वाटली नाही, कारण सगळं मी इतके दिवस मनात जुळवून ठेवलं होतं. बुधवार, रमणीकभाई, रविवारची गच्ची, स्कूटरवरची भुकटी. आई घसरून पडली असती तर काय, हेही बोलले. बोलून झालं तेव्हा त्याच्या पुढ्यातला लोचो थंड झाला होता.

तो चिडेल असं मला वाटलं होतं. तो माझ्याकडं बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे हळूहळू उमटत गेलं ते मला ओळखीचं वाटलं, कारण आठवडाभर ते माझ्याच चेहऱ्यावर होतं.

"म्हणजे तू नाही लावत?" त्यानं विचारलं.

"मी?"

"तू आलीस की गळणं बंद. तू गेलीस की चालू. मला वाटलं, मला खोटं पाडायला तू तात्पुरतं काहीतरी लिंपून जातेस आणि ते धुपलं की परत गळतं. वर जाऊन पाहिलं तर माती. आपल्याकडं धाब्याला लावतात तशी. म्हटलं ताई एवढी पुस्तकं वाचते आणि शेवटी माती फासते. म्हणून हात नाही लावला. परत म्हणशील, मी काढली म्हणून गळालं."

 एकाच मातीकडं वाकून आम्ही दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं.

"मग कोण?" तो म्हणाला. "रमणीकभाई काय रात्री शिडी लावून येतो?"

आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. आमच्याशी ती मराठीत बोलते, सुरतेच्या शाळेत शिकलेल्या पोरांसाठी तिनं ते अंगवळणी पाडून घेतलं. अहिराणी निघते ती फार दमली की.

"त्याले काही नको बोलू," ती मला म्हणाली. "माती मी लावी."

मला पहिल्यांदा सुटल्यासारखंच वाटलं. मोठेबाबांनी सांगितलं असेल, ती पुन्हा पुन्हा लावत राहिली असेल, जेठाचा शब्द कसा मोडायचा म्हणून. मी तसं म्हणालेही. गळतं कशानं हे तुला माहीत नव्हतं, असं मीच तिच्या वतीनं सांगून टाकलं.

"माहीत होतं," आई म्हणाली. "तू काढली आणि पाणी थांबलं, ते पाहिलं ना मी."

योगराजनं ताटली बाजूला सरकवली. आई खाली बसली नाही. उंबऱ्यातूनच, एका हातानं चौकट धरून, तिनं सांगितलं. कधी मराठीत, कधी अहिराणीत, मध्येच थांबून, आणि आमच्या दोघांकडं न बघता.

त्या दिवशी ती स्वयंपाकघरात नव्हती. आप्पा वर काच पुसायला गेले की ती खाली साण्याखाली उभी राहायची, ही त्यांची नेहमीची रीत. वरून त्यांना डाग दिसत नसे, खालून दिसे. दोन काचांमधून बोलणं ऐकू जात नाही, म्हणून ती बोटानं दाखवायची, इकडं, अजून थोडं इकडं, आणि ते फडकं फिरवायचे. त्या दिवशी एक डाग राहिला होता. तिनं बोट दाखवलं. त्यांनी तिथं फडकं न नेता हात ठेवला, पंजा पूर्ण उघडून, आणि तो तिथंच राहिला. ते अशी थट्टा करायचे. तिला हसू आलं. तिनं पुन्हा बोट दाखवलं, मग रागावल्यासारखं केलं, मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माले वाटनं, थट्टा करी ऱ्हायनात," ती म्हणाली.

किती वेळ ती तशी उभी राहिली ते तिला सांगता आलं नाही. पंजा सरकला आणि काचेवर ओलसर पट्टा उमटला, तेव्हा ती जिन्याकडं धावली. लोक विचारतील, तू खालून बघत होतीस तर लगेच कशी गेली नाहीस, म्हणून तिनं स्वयंपाकघर सांगितलं. मग ते सांगितलं ते सांगितलंच.

बाकीचं तिनं चार शब्दांत उरकलं. त्या खोलीतून तिला दिवसातून कितीतरी वेळा जावं लागतं, आणि उजेड वरूनच येतो. आषाढात पाणी गळायला लागलं आणि योगराज म्हणाला, साणं बंद करून टाकू. तिला वाटलं, सुटले. मग मी आले आणि म्हणाले, आप्पांच्या हातचं आहे, बुजवायचं नाही. मी भोकं साफ केली, पाणी थांबलं. कावळ्यांना भाकर टाकायला गेली की ती पदराखाली माती घेऊन जायची.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू येतेस नि त्याच्याखाली उभी राहतेस," आई म्हणाली. "म्हणतेस, आप्पा आहेत असं वाटतं. काय सांगू तुला?"

 मागची मशीनं रविवारचीही चालू होती. योगराजनं घसा साफ केला आणि हळूच विचारलं, मग घराचं काय, रमणीकभाईंना काय सांगू, तू चल ना माझ्याकडं. आईनं पहिल्यांदा त्याच्याकडं पाहिलं.

"मला कुठं जायचं नाही," ती म्हणाली. "घर राहू दे. ते तेवढं झाका."

कोणी विचारलंच नव्हतं तिला. विचारलं होतं ते घराबद्दल, आणि तेही असं, की उत्तर आमच्यापैकी एकाचं ठरावं.

मिस्त्री श्रावणात मिळेना. स्लॅब पुढं कधी पडायचा तो पडेल, पण आईनं सांगून झाल्यावर एक दिवसही ते उघडं ठेवायला आम्ही दोघंही तयार नव्हतो. रमणीकभाईंच्या आवारात जुन्या शेडचे पत्रे रचून ठेवलेले होते. योगराज जाऊन एक मागून आला. काय बोलला कोणास ठाऊक, पण आला तेव्हा म्हणाला की त्यांना कळवून टाकलंय, घर विकायचं नाही. त्यानं पत्रा डोक्यावर धरून लोखंडी जिन्यानं वर नेला. मी विटा नेल्या. तो माझ्याशी नीट बोलत नव्हता. मला पाणीही त्यानं तोंड दुसरीकडं करून दिलं. पत्रा आडवा धरल्यावर मात्र म्हणाला, "वाऱ्यानं उडाला तर मीच उडवला म्हणशील."

"म्हणणार नाही."

"लिहून दे."

मी एक वीट त्याच्या पायाशी जरा जोरात ठेवली. तो हसला नाही, पण त्यानं पत्रा माझ्या बाजूनं उचलून धरला, म्हणजे मला वाकावं लागलं नाही.

पत्रा चौकटीपेक्षा लांब होता आणि एका अंगाला वाकलेला. कुठून उजेड येतोय ते आतून बघायला हवं होतं. आई मोरीत भांडी घासत होती, तिला हाक मारायचा प्रश्नच नव्हता. मी खाली गेले.

मधल्या खोलीत अर्धा उजेड राहिला होता. मी साण्याखाली जाऊन वर पाहिलं. पत्र्याची कड हलत होती, योगराज ती ओढत होता. पत्रा अडकला असावा, कारण तो थांबला आणि तोल सावरायला त्यानं काचेवर हात टेकला. पंजा पूर्ण उघडा, बोटांची टोकं पांढरी पडलेली. वर आभाळ भरून आलेलं होतं आणि माणूस दिसत नव्हता, नुसता हात दिसत होता.

मी हाक मारली. हात हलला नाही. काचेतून आवाज जात नाही हे मला माहीत होतं, तरी मी पुन्हा हाक मारली, आणि मग मोरीतून, आईच्या अंगावरून, मागच्या जिन्याकडं धावले. ती भांडं हातात घेऊन उठली.

योगराज कठड्याशी ओणवा होता. पत्र्याखाली अडकलेला विटेचा तुकडा एका हातानं काढत होता. पायऱ्या वाजल्या तसं त्यानं मान वर केली.

"काय झालं?"

"हात काढ काचेवरून."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, काचेकडं पाहिलं, आणि हात काढला. आई जिन्याच्या पहिल्या पायरीवर येऊन उभी होती, खरकट्या हातांनी कठडा धरून. योगराजनं तिला वरून खूण केली, काही नाही म्हणून. मग आम्ही दोघांनी पत्रा दोन टोकांना धरला आणि सरकवून बसवला.